पांझरेचं उरलेलं पाणी

पिंपळनेरच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या रांगेत पांझरा उगम पावते आणि साक्री, धुळे ओलांडून मुडावदला तापीला मिळते. या वाटेवर गावोगावच्या बंधाऱ्यांनी तिला अडवलं आहे. इथली पाणीव्यवस्था फार जुनी, अभ्यासकांच्या अंदाजाने तीनचारशे वर्षांची. तिला फड म्हणतात. पांझरेप्रमाणेच मोसम आणि आरम या नद्यांवरही ती रुजली.

फड पद्धतीबद्दल लिहिताना पाणी वाटण्याचं कौतुक नेहमी होतं. उरलेल्या पाण्याची काळजी मात्र लिहिणाऱ्यांच्या नजरेतून सुटते, आणि ती त्याहून मोठी गोष्ट आहे.

बंधाऱ्यापासून कालवा निघतो, २ ते १२ किलोमीटर लांबीचा. त्यातून चाऱ्या फुटतात, चाऱ्यांतून शेताशेतात जाणारे सारंग. या मांडणीतच सांडम असतात, म्हणजे जास्तीचं पाणी बाहेर काढून देणाऱ्या वाटा. त्या नसत्या तर काळ्या जमिनी दोनचार हंगामांत चिबडल्या असत्या, वर खार फुटला असता. सांडमातून निघालेलं पाणी नाल्यावाटे पुन्हा नदीला लागायचं आणि खालच्या बंधाऱ्याच्या कामी यायचं. वरच्या गावाने सोडलेलं पाणी खालच्या गावाच्या शेतात जाणार, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

गावाचं बागायत साधारण चार फडांत विभागलेलं असे आणि एका फडात एकच पीक. ऊस एकदोन फडांत, बाकीच्यांत हंगामी पिकं. कोणता फड भिजवायचा आणि कोणता पडीक ठेवायचा, हे गाव दरवर्षी ठरवी. फेरपालटामुळे ओलावा एका जागी साचून राहत नसे. देखरेखीला माणसं नेमलेली असत: पाणी सोडणारा पाटकरी, हवालदार आणि पिकाची राखण करणारा जागल्या. त्यांचा मोबदला गाव देई. पाणी कमी पडलं तर भिजणारं क्षेत्रच कमी केलं जाई, म्हणजे तूट एकट्यादुकट्याच्या वाट्याला न जाता सगळ्यांत वाटली जाई.

पुढे विहिरींवर विजेचे पंप बसले, नदीवर धरणं झाली. जमिनीखालचं पाणी ज्याच्या त्याच्या मालकीचं झालं आणि फडांची पकड सैल पडली.

त्याच काळात एक नवं पाणी वाढत गेलं: न्हाणीघराचं, मोरीचं, गटाराचं. त्याच्यासाठी ना पाटकरी नेमला गेला, ना सांडम आखला गेला. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाण्याचं माप ठरवलं. पुरवलेल्या पाण्याचा सुमारे ८० टक्के भाग सांडपाणी होतो, असं अभियंते धरतात. या हिशेबाने ५,००० वस्तीच्या गावातून रोज २ लाख २० हजार लिटर पाणी बाहेर पडतं. प्रक्रिया न होता नदीत गेलेलं हे पाणीही खालच्या गावाकडेच जातं.

यावरचे उपाय गावाच्या आवाक्यातले आहेत. घरापुढे शोषखड्डा आणि परसबाग. सामायिक गटाराच्या तोंडाशी ओळीने तळी, ज्यांत आधी गाळ बसतो आणि मग ऊन, शेवाळ आणि जिवाणू पाणी निवळतात. अशा तळ्यांना जागा लागते, वीज फारशी लागत नाही. निवळलेलं पाणी चाऱ्याच्या पिकाला किंवा झाडांना देता येतं. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानापासून, म्हणजे २००० सालापासून, शोषखड्डे महाराष्ट्राच्या गावांना माहीत आहेत. अडचण आहे ती देखरेखीची. खड्डा भरतो, तळ्यातला गाळ काढावा लागतो, आणि ते काम नेमकं कोणाचं हे ठरलेलं नसतं.

फडाने नेमकं तेच ठरवलं होतं. म्हणून पांझरेकाठच्या ग्रामसभांनी सांडपाण्यासाठी पुन्हा एक पाटकरी नेमावा, त्याचा मोबदला गावाने द्यावा, आणि त्याच्या कामावर देखरेख करणारी समिती करून तीत खालच्या गावाची दोन माणसं बसवावीत.