ॲरिस्टॉटल नांदेडला कोणत्या वाटेने आला?

प्राचीन ग्रीकांचा इंग्रजी साहित्यावरचा प्रभाव हा विषय मुदखेड-नांदेडकडच्या विद्यार्थ्याला मुंबई-पुण्याच्या हौशीचा वाटतो. मराठवाड्याचा इतिहास मात्र या समजुतीला दुजोरा देत नाही. 1918 साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. शिक्षणाचे माध्यम उर्दू, इंग्रजी सक्तीचा विषय, आणि पाश्चात्त्य ग्रंथ उर्दूत आणणारा स्वतंत्र भाषांतर विभाग. अरस्तू (ॲरिस्टॉटल) आणि अफलातून (प्लेटो) ही नावे तिथे नवी नव्हती. अरबी-फारसी विद्येतून ती आधीच इथवर पोचलेली होती आणि युनानी हकिमांचे वैद्यकही त्याच वारशातले होते. 1948 साली निजामी राजवट संपली. 1950 मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासातून ग्रीकांकडे जाणारी दुसरी वाट रुळली. म्हणजे मराठवाड्याला ग्रीक विचार दोन दिशांनी भेटला, आणि दोन्ही वेळा तो भाषांतराच्या हाताला धरून आला.

इथेच पहिला आक्षेप येतो: मूळ ग्रीक न येता केलेला हा अभ्यास उष्टाच नव्हे काय? पण इंग्रजी साहित्यावरचा ग्रीक प्रभाव तरी कसा घडला ते पाहावे. शेक्सपिअरने ‘ज्युलियस सीझर’ आणि ‘अँटनी अँड क्लिओपात्रा’ यांसाठी प्लुटार्क वाचला तो टॉमस नॉर्थच्या 1579 च्या इंग्रजी भाषांतरात, आणि नॉर्थने तो आम्योच्या फ्रेंच भाषांतरावरून उतरवला होता. कीट्सला होमर भेटला चॅपमनच्या इंग्रजीत. ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र सिरियाकमधून अरबीत गेले. त्यावरचे इब्न रुश्दचे भाष्य तेराव्या शतकात टोलेडोत लॅटिनमध्ये आले आणि युरोपने बराच काळ त्यावर भागवले. मिल्टनसारख्या ग्रीक जाणणाऱ्या कवीच्या अभ्यासकाला मूळ भाषा हवीच, हे मान्य. पण भाषांतरातून झालेला संस्कार कमअस्सल ठरवला, तर शेक्सपिअरलाही बाहेर ठेवावे लागेल.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आपल्याकडे भरताचे नाट्यशास्त्र असताना ॲरिस्टॉटल कशाला, आणि तोही इंग्रजी राजवटीने ठरवलेल्या अभ्यासक्रमातून आलेला? अभ्यासक्रम लादलेला होता, हे खरेच. पण त्याचे काय करायचे, हे इथल्या प्राध्यापकांनी ठरवले. इंग्रजीचे प्राध्यापक असलेल्या विंदा करंदीकरांनी 1957 मध्ये ‘ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र’ मराठीत आणले, पुढे ‘किंग लिअर’ही आणला. परीक्षेपुरते वाचायचे पुस्तक त्यामुळे मराठी समीक्षेच्या वादात उतरले. पुढे नांदेडच्या पीपल्स कॉलेजात नरहर कुरुंदकर नाट्यशास्त्राची कसून चिकित्सा करत होते. भरत पूज्य म्हणून त्याला प्रश्न विचारायचे नाहीत, हे त्यांना मान्य नव्हते. शोकात्म नाटक पाहताना प्रेक्षकाच्या मनात काय घडते, हा प्रश्न ॲरिस्टॉटलला पडला, रसचर्चेलाही पडला. दोन्ही उत्तरे शेजारी ठेवली की प्रत्येकाचे बळ आणि मर्यादा उघड होतात. एकाने दुसऱ्याला हटवण्याचा प्रश्न उरत नाही.

म्हणून या विषयात हयात घालवणाऱ्या प्राध्यापकाचे मोल शोधनिबंधांच्या संख्येवर ठरू नये. त्याने मराठी वाचकाच्या हाती काय दिले यावर ठरावे. 1994 पासून नांदेडला स्वतःचे विद्यापीठ आहे. मुदखेडहून रोज रेल्वेने किंवा एसटीने तिथे येणाऱ्या मुलामुलींना सोफोक्लीस आणि शेक्सपिअर यांचे नाते मराठीतून समजावून सांगणारे ग्रंथ मिळायला हवेत. उर्दू जाणणारे अभ्यासक आपल्याकडे आहेत, संस्कृत आणि इंग्रजी जाणणारेही आहेत. त्यांनी एकत्र बसून हे काम हाती घ्यावे. ग्रीक, अरबी, संस्कृत आणि इंग्रजी परंपरा एकत्र तपासायला मराठवाड्याइतकी योग्य भूमी क्वचितच सापडेल.