क्लोरीनचा वास आणि चुकीचा आकडा

स्विमिंग पूलजवळ नाकात उग्र वास घुसला की आपण लगेच म्हणतो, "आज क्लोरीन जास्त झालाय." बहुतेक वेळा गोष्ट उलटी असते. कामाचा क्लोरीन कमी पडलेला असतो.

अमेरिकेत ब्राऊन विद्यापीठाच्या पूलमध्ये १९१०च्या सुमारास ब्लीचिंग पावडर टाकून पाणी निर्जंतुक केलं गेलं. मग प्रश्न आला, किती टाकायची? तेव्हाची चाचणी म्हणजे ऑर्थोटोलिडीन. पाण्यात थेंब टाकायचे आणि पिवळा रंग तक्त्याशी जुळवायचा. सोपं होतं, पण त्यात एक मोठी गडबड होती.

क्लोरीन घाम आणि लघवीतल्या घटकांशी जोडला गेला की क्लोरामाईन बनतात. डोळे चुरचुरतात, वास येतो तो यांच्यामुळे. हा 'जोडलेला' क्लोरीन जंतू मारतो, पण फारच हळू. झटपट काम करतो तो 'मुक्त' क्लोरीन. पिवळा रंग मात्र थोडं थांबलं की दोघांचीही बेरीज दाखवायचा. मी रोज सर्व्हरचे डॅशबोर्ड बघतो, म्हणून मला हे लगेच ओळखीचं वाटलं: फेल झालेल्या रिक्वेस्टही मोजायच्या आणि म्हणायचं, सगळं छान चाललंय!

१९३९मध्ये ए. ई. ग्रिफिन यांनी एक विचित्र आलेख मांडला. अमोनिया असलेल्या पाण्यात क्लोरीन वाढवत गेलं, की आकडा आधी चढतो, मग चक्क खाली येतो आणि पुन्हा चढतो. तो खाली येतो तेव्हा क्लोरामाईन नष्ट होत असतात. त्यानंतर टाकलेला क्लोरीन मुक्त राहतो. म्हणजे वासावर उपाय अनेकदा आणखी क्लोरीन हाच!

पण मुक्त किती आणि जोडलेला किती, हे घरी कसं कळणार? १९५७मध्ये ब्रिटिश रसायनतज्ज्ञ ए. टी. पालिन यांनी डीपीडी चाचणी मांडली. पहिल्या गोळीने येणारा गुलाबी रंग मुक्त क्लोरीन दाखवतो. त्याच नमुन्यात दुसरी गोळी टाकली की एकूण कळतो. वजाबाकी केली की जोडलेला किती ते समजतं.

आज अमेरिकेची सीडीसी सांगते, की घरच्या पूलमध्ये लिटरमागे किमान १ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन हवा. स्टॅबिलायझर वापरत असाल तर किमान २. पिवळ्या थेंबांची किट अजूनही विकत मिळतात. त्यामुळे पूल कोणाचाही असो, पोरांना पाण्यात सोडण्याआधी एवढंच विचारा: हा आकडा मुक्त क्लोरीनचा आहे, की एकूण?