हद्दीवरचा संघ

सोलापुरात 1940 साली दयानंद महाविद्यालय स्थापन झाले तेव्हा हा जिल्हा मुंबई इलाख्यात होता आणि महाविद्यालयही मुंबई विद्यापीठाच्या अंमलाखाली होते. 1949 साली पुणे विद्यापीठ निघाले तेव्हा जिल्हा त्याच्याकडे गेला. 1962 च्या नोव्हेंबरात कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ झाले तेव्हा त्याच्याकडे. आणि 1 ऑगस्ट 2004 रोजी सोलापुराला स्वतःचे विद्यापीठ लाभले. चौसष्ट वर्षांत चार विद्यापीठांच्या दप्तरी या जिल्ह्याची नोंद झाली. या फेरबदलांनी अभ्यासक्रमांचे आणि पदव्यांचे काय झाले याची चर्चा पुष्कळ होते. परंतु जुलैत निवड होऊन थंडीत ज्याचा मोसम संपतो त्या एखाद्या लहान महाविद्यालयाच्या कबड्डी-संघाने कोणाशी, कोठे आणि किती दूर जाऊन झुंजायचे, हेही याच हद्दींनी ठरविले, आणि माझ्या मते या शहराच्या क्रीडा-इतिहासाचे मर्म येथेच आहे.

खेळ आणि विद्यापीठे यांचे नाते सगळीकडे एकाच क्रमाने जुळले नाही. अमेरिकेतील फुटबॉलला त्याचे आजचे रूप महाविद्यालयांनीच दिले. 1869 साली रटगर्स आणि प्रिन्स्टन यांचे पंचवीस-पंचवीस गडी एकमेकांवर धावून गेले तेव्हा त्या खेळात आणि दंगलीत फारसे अंतर नव्हते. 1880 पासून येल विद्यापीठाच्या वॉल्टर कॅम्प याच्या आग्रहाने संघ अकरांचा झाला व दोन्ही बाजूंमध्ये रेषा आखली गेली. आणि 1905 च्या मोसमात मैदानावर विद्यार्थी प्राणास मुकले तेव्हा खुद्द राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी विद्यापीठांच्या प्रतिनिधींस पाचारण केले, आणि पुढल्याच वर्षी चेंडू पुढे फेकण्यास मुभा मिळून खेळाचा रक्तपात ओसरू लागला. आपल्याकडे, अंगाला अंग भिडविणाऱ्या हुतुतूच्या, म्हणजेच कबड्डीच्या, बाबतीत क्रम उलटा होता. संजीवनी, गामिनी आणि अमर या तीन तऱ्हांनी गावोगाव चाललेल्या या खेळाला नियमांची चौकट दिली ती जिमखान्यांनी आणि व्यायाम मंडळांनी. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने 1923 साली नियम प्रसिद्ध केले, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 साली बर्लिनमध्ये तो जगाला दाखविला, 1950 साली अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला, आणि या साऱ्यानंतर, 1961 साली, आंतरविद्यापीठ स्पर्धांत त्याला स्थान मिळाले. विद्यापीठांनी कबड्डीस आपले म्हटले आणि पाठोपाठ सोलापूरचे विद्यापीठ बदलले. त्यामुळे येथील दयानंद, संगमेश्वर आदी महाविद्यालयांच्या खऱ्या आंतरविद्यापीठ आकांक्षांचा आरंभ कोल्हापूरच्या हद्दीतच झाला.

ही हद्द किती लांबची होती हे रेल्वेच्या रुळांवरून कळते. त्या काळी सोलापूरहून आगगाडीने कोल्हापुरास निघालेल्या प्रवाशास कुर्डुवाडीपर्यंत रुंदमापी गाडी, तेथून पंढरपूर-सांगोल्यावरून मिरजेपर्यंत बार्शी लाइट रेल्वेने घातलेल्या अडीच फुटी रुळांवरची चिमुकली गाडी, आणि मिरजेहून पुढे मीटरमापी गाडी, अशा तीन मापांच्या रुळांवरून जावे लागे. बारा गड्यांच्या संघाला सामन्यापूर्वीच या प्रवासाचा शीण सोसावा लागे, आणि समोर उभी राहत ती कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडची, तालमींच्या मुलखात वाढलेली पोरे.

मोसमाची घडी मात्र हद्दी बदलल्या तरी फारशी बदलली नाही. जूनअखेर महाविद्यालय उघडे, जुलैत निवड होई, आणि सोलापूरचा पाऊस सप्टेंबरात जोर धरीत असल्याने ऐन सरावाच्या काळात काळी माती पायाला चिकटून चढाई करणाऱ्याची गती खाई; म्हणून मैदानावर मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून, मग फक्कीने तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असा आयत आखला जाई. मुरमाच्या मैदानावर पकड करताना गुडघे आणि कोपरे सोलून निघत, त्यावर हळद दाबून गडी पुन्हा मध्यरेषेवर उभा राही. विभागीय सामने, मग आंतरविभागीय, त्यांतून निवडलेले मोजके खेळाडू विद्यापीठाच्या संघात, आणि तो संघ पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेस, अशी ती चढण होती. लहान महाविद्यालयाचा मोसम बहुधा पहिल्या पायरीवरच संपे, आणि त्याची स्मृती वार्षिकांकातील एका छायाचित्रात उरे.

2004 नंतर विद्यापीठाची हद्द आणि जिल्ह्याची हद्द एकच झाली. बार्शी, पंढरपूर, अकलूज, मंगळवेढा येथील महाविद्यालयांच्या खेळाडूंना विद्यापीठाच्या संघात येण्यासाठी कोल्हापूरकरांशी स्पर्धा करण्याचे कारण उरले नाही, आणि ज्या मुलाची गुणवत्ता पूर्वी चार जिल्ह्यांच्या गर्दीत झाकली गेली असती तो आता थेट अन्य विद्यापीठांसमोर उभा राहतो, हा लाभ मी मोठा मानतो. तरीही दरवर्षी कृष्णा-पंचगंगेकाठच्या बलाढ्य संघांशी पहिल्याच टप्प्यांत गाठ पडून जी कसोटी लागत असे, ती आता विद्यापीठाच्या निवडक खेळाडूंच्याच वाट्याला येते. ज्या लहान महाविद्यालयाचा एकही गडी तेथवर पोचत नाही, त्याचा साराच्या सारा मोसम जिल्ह्यातल्या ओळखीच्या मैदानांवरच पार पडतो.