हातांची विद्या आणि विज्ञानाची अट

महाराष्ट्रात व्यवसायोपचाराच्या, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीच्या, पदवीसाठी आज भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि ‘नीट’ लागते. कला शाखेतून बारावी झालेल्याला दार बंद. या विद्येचा जन्म मात्र अशा अटींत झालेला नाही. मार्च १९१७मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज इथे तिची पहिली राष्ट्रीय संस्था स्थापणाऱ्या सहा जणांत डॉक्टर एकच होते, मनोविकारतज्ज्ञ विल्यम डंटन. जॉर्ज बार्टन वास्तुविशारद; पक्षाघातानंतर ते स्वतः हातकामातून सावरलेले. सुझन जॉन्सन हस्तकलेच्या शिक्षिका, तर एलिनॉर स्लॅगल समाजकार्यातून आलेल्या. भारतातले पहिले विद्यालय कमला निंबकरांनी १९५०मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात काढले, तेव्हा हाच वारसा इथे आला.

शरीररचना कळल्याशिवाय रुग्णाच्या सांध्याला हात कसा लावायचा, हा आक्षेप रास्त आहे, आणि तो मी हलका मानत नाही. पण शरीररचना आणि शरीरक्रिया पदवीतच शिकवतात. उणीव राहिली तर पूरक वर्गाने भरता येते. पक्षाघात झालेल्या बाईला पुन्हा भाकरी थापता यावी, म्हणून त्या कामातली एकेक हालचाल सुटी करून पाहावी लागते. ही नजर शिवणकामातून, मातीकामातूनही घडते, आणि प्रवेशाच्या गुणवत्ता यादीत तिला एकही गुण नाही.