हवालदाराची विनोदी वंशावळ

शिवकालात किल्ल्याचा हवालदार म्हणजे मोठा मातबर अधिकारी असे. गडाच्या किल्ल्या त्याच्या स्वाधीन असत आणि दरवाजे त्याच्याच देखरेखीखाली उघडावयाचे व मिटावयाचे. तेच नाव आज उच्चारले की मराठी माणसाच्या ओठांवर हसू उमटते. शब्दांची अशी पायउतारणी भाषेच्या इतिहासात नवी नव्हे; परंतु या हसण्याचा रोख कोणावर आहे आणि तो काळागणिक कसा बदलत गेला, हे पाहण्याजोगे आहे. अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत ज्या घरांत संध्याकाळच्या जेवणाबरोबर दूरचित्रवाणीवरील पोलिसी प्रहसने चवीने पाहिली गेली, त्या घरांनी तर हा विचार अवश्य करावा.

पोलिसाची थट्टा ही पाश्चात्यांकडून आलेली वस्तू आहे, असा पुष्कळांचा समज असतो. १९१२ साली निघालेल्या कीस्टोन कंपनीच्या मूकपटांत मॅक सेनेटने धडपडणाऱ्या, एकमेकांवर कोसळणाऱ्या शिपायांची जी फौज पडद्यावर आणली, तिच्यापासून या विनोदाचा आरंभ झाला असे सांगण्यात येते. आमच्या मते हा समज निराधार आहे. ज्यांनी शाकुंतल वाचले आहे, त्यांनी सहाव्या अंकाचा आरंभ आठवून पाहावा. माशाच्या पोटात सापडलेली राजाची अंगठी विकावयास आलेल्या कोळ्याला सूचक आणि जानुक हे दोघे शिपाई मारीत मारीत नेत आहेत. नगररक्षकांचा अधिकारी प्रत्यक्ष राजाचा मेहुणा आहे. कोळ्याला फुलांची माळ घालून वधस्थानी केव्हा नेतो, असे एका शिपायास झाले आहे. त्यासाठी त्याचे हात शिवशिवत आहेत! इतक्यात राजाकडून अंगठीच्या मोलाचे बक्षीस येते. शिपायांचे डोळे त्या धनाकडे लागतात, कोळी त्यातील अर्धा वाटा त्यांस देऊन टाकतो, आणि घटकेपूर्वीचा चोर एकदम जिवलग मित्र ठरून सर्व मंडळी दारूच्या दुकानाकडे चालू लागतात.

या प्रवेशातील एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मार खाणारा निरपराध आहे, हे प्रेक्षकांस आधीपासून ठाऊक असते. म्हणून हसू येते ते मारणाऱ्यांचे, मार खाणाऱ्याचे नव्हे. पोलिसी विनोदाची खरी कसोटी हीच, असे आम्हांस वाटते.

आमच्या तमाशाच्या वगाने ही परंपरा आपल्या परीने चालविली. १९६५ साली रंगभूमीवर आलेले वसंत सबनीसांचे 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य घ्या. कोतवालाची जागा रिकामी होते. ती आपणास मिळावी अशी हवालदाराची आशा. पण प्रधान आपल्या मर्जीतल्या माणसाची तेथे वर्णी लावतो. मग हवालदार मैनावतीच्या साहाय्याने नव्या कोतवालास राजाचा पलंग चोरण्याच्या फंदात पाडतो. चोर पकडणारा स्वतःच चोर ठरावा, ही कल्पना मूळचीच हास्यकारक. परंतु येथे हसू एका हवालदारापाशी थांबत नाही. ते कोतवालास, प्रधानास आणि अखेर राजासही गाठते. दादा कोंडक्यांनी या हवालदाराच्या भूमिकेत महाराष्ट्रास लोटपोट हसविले; पण त्या हसण्यात सबंध दरबाराची झडती घेतली जात होती.

त्याच कोंडक्यांचा 'पांडू हवालदार' १९७५ साली पडद्यावर आला. त्या काळी शिपायास अर्धी विजार आणि साहेबास पूर्ण विजार असा भेद होता. प्रौढ, मिशाळ गृहस्थ शाळकरी पोराच्या पोशाखात उभा केला की विनोदास निराळी सामग्री लागत नाही! ही अर्धी विजार पुढे अंतुले मुख्यमंत्री असताना गेली, पण 'पांडू' हे नाव मात्र मुंबईच्या बोलीत कायमचे राहिले. चित्रपटातील प्रेमळ थट्टा रस्त्यावर येताच तिची शिवी झाली. ज्याच्या अंगी अधिकार सर्वांत थोडा आणि ज्याची पाळी सर्वांत लांब, त्याच्याच वाट्याला ती आली. साहेबासाठी असे कोणतेही टोपणनाव लोकांनी घडविले नाही.

यानंतर दूरचित्रवाणीचा काळ. अमेरिकेत १९८२ साली एबीसी वाहिनीने 'पोलीस स्क्वॉड!' ही मालिका दाखविली. तीत लेस्ली नील्सन अत्यंत गंभीर मुद्रेने अत्यंत असंबद्ध गोष्टी करीत असे. मालिकेच्या शेवटी चित्र गोठविण्याची जी तेथील रूढी, तिचीही टवाळी होती: नट नुसते स्तब्ध उभे राहात, आणि एका भागात तर कपात ओतली जाणारी कॉफी ओसंडून वाहात राहिली. अवघ्या सहा भागांत ती बंद पडली. तिच्या हसण्याचा रोख पोलिसांवर नव्हताच. पोलिसांविषयीच्या गंभीर नाटकांवर होता.

आमच्याकडे त्या जातीची गंभीर मालिका होती. बी. पी. सिंग यांची मराठी 'एक शून्य शून्य' आणि पुढे १९९८ पासून चाललेली 'सी.आय.डी.', या दोहोंतही शिवाजी साटम होते. विडंबन मात्र वेगळ्या वाटेने गेले. गौतम व मार्कंड या अधिकारी बंधूंनी काढलेली 'सब' वाहिनी २००५ साली सोनीकडे गेली, आणि तिच्यावर २००६ ते २०१५ या काळात 'एफ.आय.आर.' ही मालिका चालली. हरियाणवी बोलणारी चंद्रमुखी चौटाला ही अधिकारी, आणि तिच्या हाताखाली मुलायमसिंग गुलगुलेसारखे शिपाई. स्त्रीने हुकूम सोडावा आणि मिशाळ पुरुषांनी थरथर कापावे, हा त्यातील उलटापालटीचा विनोद निःसंशय ताजा होता, आणि कविता कौशिक यांनी तो ठसक्यात वठविला. आम्हीही त्यास मनापासून हसलो आहोत.

तरीही एक फरक डोळ्यांआड करता येत नाही. या मालिकेत चौटालाबाईंची चपराक बसते आणि हशा पिकतो. तो हशा चपराक खाणाऱ्याचा असतो. कालिदासाच्या प्रवेशात मारणारा हास्यास्पद होता, येथे मार खाणारा आहे. चौकीतील मार ही गंमतीची बाब आहे, असे एकदा मनाने घेतले म्हणजे खऱ्या चौकीत एखाद्या गरिबास तो बसला, तर आपणास त्याचे काय वाटणार?

आणि थट्टेच्या दुसऱ्या टोकास जो शिपाई उभा आहे, त्याचेही स्मरण ठेवावे लागते. ही मालिका चालू असतानाच, २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहाय्यक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हल्लेखोराच्या रायफलीची नळी उघड्या हातांनी धरली आणि गोळ्या झेलूनही सोडली नाही. म्हणून तो हल्लेखोर जिवंत हाती लागला. ओंबळे यांस २००९ साली मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. मुंबईच्या बोलीने ज्यांस 'पांडू' म्हणून हिणविले, त्यांच्यापैकीच ते एक.

यावरून पोलिसांस हसू नये, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकेल. ज्या समाजास आपल्या कोतवालास हसता येत नाही, त्यास त्याची भीती वाटते असे खुशाल समजावे. आमचे म्हणणे इतकेच की, हे हसू दुबळ्यावर घसरू नये. अर्ध्या विजारीतला शिपाई आणि चपराक खाणारा संशयित हे दोघेही अधिकाराच्या उतरंडीत तळचे. त्यांस हसणे सोपे असते आणि त्यास धैर्य लागत नाही. राजाच्या मेहुण्यास हसविणारा कवी आणि दरबाराची झडती घेणारा सोंगाड्या आमच्याच घरचे आहेत. विनोद त्यांच्याकडून शिकावयाचा, तर तो वर पाहून करावयास शिकावा.