इंग्रजी लेखनाचें शिक्षण : एक राहून गेलेली चौकशी

परकी भाषा वाचतां येणें ही एक गोष्ट, आणि त्या भाषेंत आपला विचार दुसऱ्याला पटेल अशा रीतीनें लिहितां येणें ही दुसरी. पहिलीला समज पुरते. दुसरीला समज, शब्दसंग्रह, रचना आणि वाचकाचें भान हीं सर्व एकाच वेळीं लागतात. महाराष्ट्रांत इंग्रजी लेखन शिकविण्याला आतां दोनशें वर्षें होत आलीं. या अवधींत पाठ्यपुस्तकें बदललीं, पद्धतींवरून वाद माजले, कमिशनें बसलीं आणि परीक्षांचे निकाल तर दरसाल लागतच राहिले. परंतु हा इतिहास बारकाईनें पाहिला असतां एक चमत्कारिक गोष्ट दृष्टीस पडते. मुलानें लिहिलेल्या इंग्रजीची परीक्षा सर्वांनीं घेतली; मूल इंग्रजी लिहितें कसें, याची चौकशी मात्र फार थोड्यांनीं केली.

आरंभ मोठा आशादायक होता. बाळशास्त्री जांभेकरांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईंत 'दर्पण' काढलें, तेव्हां त्यांचें वय विशीच्या आसपास होतें. त्या पत्राच्या पानावर एका स्तंभांत इंग्रजी व दुसऱ्या स्तंभांत मराठी मजकूर असे. जांभेकरांच्या इंग्रजी लेखनाला तीन गोष्टींचें पाठबळ होतें: सांगण्यासारखा विषय, डोळ्यांपुढें असलेला वाचक, आणि तोच विचार दोन भाषांत मांडून पाहण्याचा नित्याचा व्यायाम. वर्गांत बसून ठराविक विषयावर ठराविक ओळी लिहाव्या व त्या गुरुजींवांचून कोणीं वाचूं नयेत, अशी ती रीत नव्हती. लेखन हें येथें कामाचें साधन होतें.

पुढील दशकांत जो मोठा वाद झाला तो मात्र निराळाच होता. अर्स्किन पेरी हे १८४३ मध्यें मुंबईच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनचे अध्यक्ष झाले. वरचें शिक्षण इंग्रजींतूनच दिलें पाहिजे, हें त्यांचें मत. जगन्नाथ शंकरशेट यांनीं १८४७ मध्यें त्याला ठाम विरोध केला. ज्ञान बहुजनांपर्यंत पोंचवावयाचें तर तें देशभाषेंतूनच पोंचेल, अशी त्यांची बाजू होती. दोन्ही पक्ष समर्थ होते. परंतु वाद चालला तो कोणत्या भाषेंत शिकवावें याचा. त्या भाषेंत लिहिण्याचें सामर्थ्य मुलाच्या अंगीं कोणत्या क्रमानें येतें, हा प्रश्न कोणाच्याच पुढें नव्हता. १८५४ च्या वुडसाहेबांच्या खलित्यानें इंग्रजीला वरचें व देशभाषांना खालचें क्षेत्र वांटून दिलें, आणि १८५७ मध्यें मुंबई विद्यापीठ स्थापन झालें.

१८५९ मध्यें विद्यापीठाची पहिली प्रवेशपरीक्षा झाली. येथून इंग्रजी लेखनाचें स्वरूपच पालटलें. इंग्रजी हा अनेक विषयांपैकीं एक विषय न राहतां सर्व विषयांचा दरवाजा बनला. इतिहास येत असला तरी तो इंग्रजींत लिहितां आला पाहिजे, तत्त्वज्ञान समजलें असलें तरी तें इंग्रजींत मांडतां आलें पाहिजे. मराठीला तर १८६० नंतरच्या काळांत वरच्या परीक्षांतून रजाच मिळाली. म्हणजे प्रत्येक उत्तर हें एक इंग्रजी निबंधच होतें. फक्त निबंध कसा लिहावा हें शिकविण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती.

१८६२ मध्यें महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे चौघे विद्यापीठाचे पहिले पदवीधर झाले. भांडारकरांचा दख्खनच्या प्राचीन इतिहासावरील ग्रंथ १८८४ मध्यें, आणि रानड्यांचा मराठी सत्तेच्या उदयावरील ग्रंथ १९०० मध्यें बाहेर आला. दोन्ही इंग्रजींत, आणि दोन्ही अशा तोडीचे कीं, त्यांच्या इंग्रजीविषयीं कोणीं बोट दाखवावें अशी सोय नाहीं. ज्या पद्धतीनें असे लेखक निर्माण केले ती पद्धति उत्तमच असली पाहिजे, असें अनुमान साहजिक निघालें. पण हें अनुमान दरवाज्याच्या आंत पोंचलेल्यांवरून काढलेलें होतें. बाहेर राहिलेले शेंकडों विद्यार्थी विषयांत कच्चे होते, कीं विषय जाणूनहि लिहितां न आल्यामुळें अडले होते, याचा हिशेब कोणीं ठेविला नाहीं. प्रश्नपत्रिका दप्तरांत राहिल्या. उत्तरपत्रिका रद्दींत गेल्या. त्यामुळें काय विचारलें तें इतिहासाला ठाऊक आहे, मुलांनीं काय लिहिलें तें नाहीं.

विसाव्या शतकाच्या आरंभीं दोष उघड झाले. १९०२ च्या युनिव्हर्सिटी कमिशननें तक्रार केली कीं, मॅट्रिक होऊन आलेल्या विद्यार्थ्यांस इंग्रजींतील व्याख्यानेंसुद्धां समजत नाहींत. १९०४ च्या सरकारी ठरावानें मातृभाषेचा पाया पक्का झाल्यावांचून मुलाला इंग्रजीकडे वळवूं नये, असें सांगितलें. तोंवर टिपणें व घोकंपट्टी यांचें राज्य स्थिर झालें होतें. ज्याला स्वतःचें वाक्य बनवितां येत नाहीं त्यानें दुसऱ्याचें पाठ करावें, यांत त्या मुलाचा आळस नव्हता. त्याच्यापुढें मोकळी असलेली तीच एक वाट होती.

मग पद्धतींचें युग आलें. घरोघर तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती. मराठी वाक्याचें इंग्रजी व इंग्रजीचें मराठी करीत करीत कित्येक पिढ्यांनीं व्याकरणाची घडी बसवून घेतली. दुसरीकडे मराठीचा आधार न घेतां इंग्रजी इंग्रजींतूनच शिकवावें, असा प्रत्यक्ष पद्धतीचा पुकारा झाला. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यांत असलेल्या पी. सी. रेन यांनीं १९११ मध्यें याच पद्धतीवर पुस्तक लिहिलें. पुढें कादंबरीकार म्हणून गाजलेले आणि मार्टिन यांच्याबरोबर लिहिलेल्या व्याकरणामुळें शाळाशाळांत पोंचलेले रेन ते हेच. बंगालमध्यें मायकेल वेस्ट यांनीं १९२६ मध्यें निराळाच सिद्धांत मांडला: बहुसंख्य मुलांना इंग्रजीचा उपयोग वाचनापुरताच होणार, तेव्हां आधीं वाचन शिकवावें. तिन्ही मतें परस्परांहून भिन्न. एका बाबतींत मात्र तिघांचें एकमत होतें. लेखन हें दुसऱ्या कशाचें तरी फळ आहे, व्याकरण, संभाषण किंवा वाचन साधलें कीं तें मागोमाग येईल, असें प्रत्येकानें गृहीत धरलें.

याच सुमारास परीक्षकांचीच परीक्षा घेणारे कांहीं संशोधक पुढें आले. अमेरिकेंत स्टार्च व इलियट यांनीं १९१२ मध्यें इंग्रजीच्या दोन उत्तरपत्रिका निरनिराळ्या शाळांतील १४२ शिक्षकांकडून तपासून घेतल्या. त्यांतील एकीला शंभरांपैकीं ५० पासून ९७ पर्यंत गुण पडले. डाक्का विद्यापीठाचे १९२० ते १९२५ पर्यंत पहिले कुलगुरु असलेले फिलिप हारटॉग यांनीं रोड्स यांच्या साह्यानें १९३५ मध्यें इंग्लंडांत याहून कडक कसोटी लावली. इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका त्यांनीं १४ परीक्षकांना दिल्या आणि वर्ष-दीड वर्षानें त्याच पुन्हां तपासावयास लाविल्या. २१० निर्णयांपैकीं ९२ वेळां त्याच परीक्षकाचा निर्णय बदलला. पूर्वीं नापास ठरलेला आतां पास, आणि पास ठरलेला नापास! पुढें १९६१ मध्यें डीडरिक व त्यांचे सहकारी यांनीं ३०० निबंध ५३ वाचकांस दिले. नऊ श्रेणींपैकीं निदान सात श्रेणी शेंकडा ९४ निबंधांच्या वांट्याला आल्या. ज्या गुणांवर मुलाचें भवितव्य ठरे, त्या गुणांचा पाया एवढा भुसभुशीत होता.

हारटॉग यांचें दुसरें म्हणणें याहून मोलाचें आहे. १९०७ मध्येंच त्यांनीं दाखवून दिलें होतें कीं, शाळेंतील निबंधाला ना निश्चित हेतु, ना निश्चित वाचक. कशावर तरी कोणासाठीं तरी कांहीं तरी लिहा, असा हुकूम सुटतो, आणि मग लेखन निर्जीव झालें म्हणून मुलाला बोल लावला जातो. 'दर्पणा'च्या पानांत जें होतें तेंच नेमकें वर्गांतून हरपलें होतें.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पादापासून माध्यमिक शाळांत मातृभाषा हें माध्यम होत गेलें. तें न्यायाचेंच झालें. परंतु त्याचा एक परिणाम फारसा लक्षांत घेतला गेला नाहीं. पूर्वीं मुलगा सर्व विषयांत इंग्रजी लिही. आतां इंग्रजीच्या तासापुरतें लिहूं लागला. सराव एवढा घटला, पण निबंधाचे विषय, पत्रांचे नमुने आणि लाल शाई हीं जुनींच राहिलीं. एन. एस. प्रभु यांनीं १९७९ ते १९८४ या काळांत दक्षिण भारतांतील शाळांत बंगलोर प्रकल्प चालविला व कोडीं, नकाशे, वेळापत्रकें यांच्या साह्यानें मुलांचें लक्ष भाषेकडून अर्थाकडे वळविलें. हा आपल्या वर्गांत उगवलेला, जगानें दखल घेतलेला प्रयोग होय. तथापि त्याचा रोख आकलनावर व त्यांतून आपोआप रुजणाऱ्या व्याकरणावर होता, दीर्घ लेखनावर नव्हता. महाराष्ट्रानें २००० मध्यें पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी सुरू केलें. इंग्रजीचीं वर्षें वाढलीं. लेखनाच्या शिक्षणाचा प्रश्न जागच्या जागीं राहिला.

लिहिणाऱ्याकडे प्रत्यक्ष पाहण्यास आरंभ झाला तो अमेरिकेंत. जॅनेट एमिग यांनीं १९७१ मध्यें आठ विद्यार्थ्यांना मोठ्यानें विचार करीत लिहावयास लावून त्यांचें निरीक्षण प्रसिद्ध केलें. व्हिव्हियन झॅमेल यांनीं १९८३ मध्यें इंग्रजी ही परकी भाषा असलेल्या सहा विद्यार्थ्यांचा असाच अभ्यास केला. चांगला लेखक आधीं विचार पुरा करून मग लिहीत नाहीं. लिहितांलिहितां त्याला विचार सांपडतो, मागें वळून तो खोडतो, पुन्हां मांडतो, असें यांतून दिसलें. पण तेथील वर्ग लहान, विद्यार्थी प्रौढ आणि भोंवतीं इंग्रजीचा वावर. तालुक्याच्या शाळेंतील साठ मुलांच्या वर्गाला हीं अनुमानें किती लागू पडतात, हें तेथेंच तपासलें पाहिजे.

संशोधनाची खरी उणीव येथें आहे, आणि पुढील कार्याच्या दिशाहि येथूनच निघतात. पहिली दिशा लाल शाईची. साठ वह्या प्रत्येकीं दहा मिनिटें तपासल्या तरी एका निबंधाला शिक्षकाचे दहा तास जातात. या श्रमाचें फळ काय? जॉन ट्रस्कॉट यांनीं १९९६ मध्यें व्याकरणाच्या चुका दुरुस्त करून लेखन सुधारत नाहीं असें प्रतिपादन केलें; डाना फेरिस यांनीं १९९९ मध्यें त्यास उत्तर दिलें. हा वाद मोठ्या वर्गांत, मराठी मुलांच्या वह्यांवर सोडविला गेला पाहिजे; कारण त्यावर शिक्षकाचे दहा तास व मुलाचा आत्मविश्वास दोन्ही अवलंबून आहेत.

दुसरी दिशा मातृभाषेची. रॉबर्ट कॅपलन यांनीं १९६६ मध्यें असें मांडलें कीं, प्रत्येक संस्कृतीची परिच्छेद रचण्याची घाटणी वेगळी असते व ती परक्या भाषेंतील लेखनांत उतरते. मराठीला हें सरळ लावणें कठीण आहे. मेजर कँडी यांनीं १८५० मध्यें विरामचिन्हांवर पुस्तक लिहून इंग्रजी चिन्हें मराठींत रूढ केलीं. जॉन्सन व मेकॉले यांचा व्यासंग असलेल्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७४ पासून 'निबंधमाला' चालविली. १८८१ मध्यें एकाच मंडळींनीं 'केसरी' मराठींत आणि 'मराठा' इंग्रजींत काढला. मराठी गद्याची घडण अशी अर्धीअधिक इंग्रजीच्या शेजारांतच झाली. तेव्हां मराठींत नीट परिच्छेद लिहिणारें मूल तें कौशल्य इंग्रजींत नेतें काय, आणि मराठींतच तें शिकविलें गेलें नसेल तर इंग्रजींत कोठून आणील, हें शोधण्यासारखें आहे.

तिसरी दिशा दीर्घ निरीक्षणाची. त्याच मुलांचे कच्चे खर्डे पांचवीपासून दहावीपर्यंत जपून ठेविले, तर वाढीचा क्रम दिसेल. एका दिवसाच्या परीक्षेंत तो दिसत नाहीं. याला फार पैसा नको, वह्या फेंकून न देण्याची शिस्त हवी.

२०२२ च्या अखेरीपासून तर या चौकशीला निकड आली आहे. मागितलेला निबंध संगणक क्षणांत निर्दोष इंग्रजींत लिहून देऊं लागला. तयार निबंध हाच शिक्षणाचा पुरावा मानणारी दीडशें वर्षांची व्यवस्था त्यामुळें एकाएकीं पोकळ ठरली. यापुढें निबंधापेक्षां तो कसा झाला, कोठें अडला, कोठें बदलला, यालाच किंमत राहील. १८५९ पासून जें पाहावयाचें राहून गेलें, तें आतां पाहिल्यावांचून गत्यंतर नाहीं. मुलाच्या वहींतील खोडलेली ओळ ही आजवर केवळ चूक म्हणून मोजली गेली. तिच्यांत त्याच्या विचाराची वाट उमटलेली असते, आणि शिक्षकाला त्याच्याबरोबर चालावयाचें असेल तर तीच वाट धरली पाहिजे.