डीपफेक फोटोचा गुन्हा : एफआयआरमध्ये कोणतं कलम हवं आणि बचाव कुठून होतो

वर्धा जिल्ह्यातल्या वस्त्यांमध्ये काम करताना एक प्रसंग आता ओळखीचा झाला आहे. मुलीचा इन्स्टाग्रामवरचा साधा फोटो कुणीतरी उचलतो, ॲपमध्ये टाकून त्याचा नग्न फोटो बनवतो आणि गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सोडतो. घरी कळलं की पहिला राग मुलीवर निघतो. मोबाईल हिसकावला जातो, चॅट डिलीट होतं, कधी फोनच फोडला जातो. मग चार दिवसांनी कुणीतरी म्हणतं, चला ठाण्यात जाऊ. तोपर्यंत पुराव्याची वाट लागलेली असते.

हे करणारा बहुधा ओळखीचाच निघतो. जुलै २०२५ मध्ये आसाममधल्या डिब्रुगडचं प्रकरण देशभर गाजलं. तिथे एका तरुणीच्या चेहऱ्यावरून एआयने अख्खं खोटं खातं उभं केलं होतं आणि त्याचे फॉलोअर लाखोंच्या घरात गेले होते. घरच्यांनी तक्रार दिल्यावर पोलिसांनी अटक केली ती तिच्या जुन्या मित्राला.

आपल्या कायद्यात 'डीपफेक' नावाचा वेगळा गुन्हा नाही. त्यामुळे पोलीस जुनीच कलमं जोडतात, आणि आरोपीचा वकील नेमका तिथेच बोट ठेवतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई हे एखाद्या व्यक्तीच्या खाजगी अवयवाचं चित्र संमतीशिवाय टिपण्याबद्दल किंवा पसरवण्याबद्दल आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ स्त्रीला खाजगी क्षणी चोरून पाहण्याबद्दल, तिचं चित्र घेण्याबद्दल आणि ते पसरवण्याबद्दल आहे. दोन्ही कलमं खरा फोटो गृहीत धरून लिहिलेली. बचाव सरळ असतो : शरीर तिचं नाहीच, मग तिचा खाजगीपणा भंगला कुठे? युक्तिवाद ऐकून संताप येतो, पण कायद्याच्या शब्दांत त्याला जागा आहे.

म्हणून एफआयआर फक्त या दोन कलमांवर उभा राहू नये. लैंगिक कृती दाखवणारा मजकूर पसरवण्याचं कलम ६७ए फोटो खरा की बनावट हे विचारत नाही. पहिल्या गुन्ह्याला ५ वर्षांपर्यंत कैद, १० लाखांपर्यंत दंड, आणि गुन्हा अजामीनपात्र. नुसता नग्न फोटो असेल तर मात्र वकील म्हणतो की यात लैंगिक कृती नाही, हे साधं कलम ६७ आहे. त्यात पहिल्या वेळी शिक्षा ३ वर्षांपर्यंत, म्हणजे जामीनपात्र. आरोपी त्याच संध्याकाळी घरी येतो. सोबत न्याय संहितेची कलमं हवीत : बदनामीसाठी बनावट इलेक्ट्रॉनिक नोंद तयार करणं (३३६), विनयभंगाच्या हेतूने केलेली कृती (७९), बदनामी (३५६), आणि पैसे किंवा भेटीची मागणी करून धमकावलं असेल तर खंडणी व धमकी (३०८, ३५१).

मुलगी १८ वर्षांखालची असेल तर चित्र पालटतं. पोक्सो कायद्याच्या व्याख्येत २०१९ पासून संगणकाने बनवलेली आणि बदललेली चित्रंही येतात, म्हणजे 'शरीर तिचं नाही' हा बचाव तिथे चालत नाही. आणि इथेच आपल्या कार्यकर्त्यांनी जपावं. 'बघा काय चाललंय' म्हणून तोच फोटो ग्रुपवर टाकणाराही ६७बी मध्ये अडकू शकतो. ठाण्यात दाखवा, इतर कुणालाही पाठवू नका.

ॲट्रॉसिटीचा प्रश्न हमखास येतो. अनुसूचित जाती आदेशात १९९० साली दुरुस्ती झाल्यापासून बौद्धांनाही हे संरक्षण आहे. जात माहीत असून अनुसूचित जातीच्या स्त्रीबाबत लैंगिक स्वरूपाचे शब्द, कृती वा हावभाव केल्यास कलम ३(१)(डब्ल्यू) लागू शकतं. आरोपी कुटुंबाला ओळखत असेल तर त्याला जात माहीत होती असं न्यायालय गृहीत धरतं. अटकपूर्व जामिनाला कलम १८ ची आडकाठी येते. परंतु प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल तर ती आडकाठी नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. म्हणून आरोपीला जात कशी माहीत होती, हे फिर्यादीतच नीट लिहावं. कलम १५ए प्रमाणे जामिनाच्या सुनावणीची सूचना मिळण्याचा आणि तिथे बोलण्याचा हक्क मुलीला आहे.

तपास कोण करतो, हेही बघा. आयटी कायद्याचा तपास पोलीस निरीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही, ॲट्रॉसिटीचा उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करतो. आर्वी-हिंगणघाटच्या एखाद्या चौकीत फौजदाराने जबाब घेऊन विषय संपवला, तर पुढे बचावाला आयता मुद्दा मिळतो.

पुराव्याबद्दलचा मोठा निकाल आपल्याच राज्यातल्या वादातून आला. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात खटला झाला. त्यात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र लागेलच, मूळ यंत्र हजर केलं तर ते लागत नाही. आता हे प्रमाणपत्र साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली येतं आणि त्यात फाईलचा हॅश लिहावा लागतो. म्हणून ज्या फोनवर फोटो आला तो विकू नका, रीसेट करू नका. लिंक, खात्याचं नाव, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट ठेवा.

आपल्याच वस्तीतला मुलगा आरोपी असेल तर? असंही होतं, आणि तेव्हा सगळे गप्प बसतात. फोन घरात चौघे वापरतात, खातं दुसऱ्याने उघडलं, फोटो फक्त पुढे ढकलला, हे बचाव खरेही असू शकतात. ७ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी आधी हजर राहण्याची नोटीस देणं अपेक्षित आहे, सरसकट अटक नव्हे. मुलगा १८ च्या आतला असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. वकिलाची सोय जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून होते. स्त्रिया, अनुसूचित जातीचे लोक आणि कोठडीतले आरोपी यांना उत्पन्न न बघता मोफत, हेल्पलाइन १५१००. मुलीच्या घरी जाऊन 'मिटवून घ्या' म्हणणं हा बचाव नव्हे, त्यातून साक्षीदाराला धमकावल्याचा नवा गुन्हा उभा राहतो.

हिंगणघाटमध्ये फेब्रुवारी २०२० मध्ये तरुण प्राध्यापिकेला भररस्त्यात पेटवलं गेलं. त्या संतापातून शक्ती विधेयक आलं. संपर्काच्या कोणत्याही माध्यमातून स्त्रीचा छळ हा त्यात वेगळा गुन्हा होता. विधिमंडळाने ते डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर केलं, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. नसता हा सगळा कलमांचा जोडकारभार थोडा तरी सोपा झाला असता.

फोटो उतरवण्यासाठी खटल्याच्या निकालाची वाट पाहू नका. १९३० वर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार द्या, सोबत त्या ॲपच्या तक्रार अधिकाऱ्यालाही लिहा. २०२१ च्या नियमांनी अशा चित्रांसाठी २४ तासांची मुदत घातली होती, पुढे ती आणखी कमी झाली. 'स्टॉप एनसीआयआय' या सेवेत फोटो स्वतःच्या फोनमध्येच राहतो, फक्त त्याचा हॅश फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या कंपन्यांकडे जातो. १८ खालच्या मुलींसाठी 'टेक इट डाऊन' आहे. तक्रारीचा क्रमांक आणि एफआयआरची मोफत प्रत मुलीच्या नावाने एका फाईलमध्ये लावून ठेवा, वकील पहिल्यांदा तेच मागतो.